गावात जादू करायची तर आधी मागं कोण बसलं ते पाहा

नागभीडकडच्या एका पोट्ट्यानं विचारलंय. बारावीत आहे, मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून पत्त्यांचे सात-आठ आयटम शिकला, ऑनलाईन एक मॅजिक सेट मागवला अन् गावच्या पारावर दाखवायला गेला तर दोन मिनिटात मित्रांनी हातच धरला. आता विचारते की काका, खरं शिकायचं कुठून, क्लास असते का, कोणतं सामान घेऊ, रोप ट्रिक जमते का, अन् याच्यावर पोट भरते का. एवढं सगळं एका दमात विचारलं तर उत्तर पण लांबणार, चहा घेऊन बस.

माझं आधी सांगतो म्हणजे कोण बोलून रायला ते कळेल. ब्रह्मपुरी तालुक्यातला आहे, तीन एकर धानाच्या बांध्या आहेत, अन् वीस-बावीस वर्षं झाली जादूचे प्रयोग करतो. झेडपीच्या शाळा, गणपती, शारदा, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, जिथं बोलावलं तिथं. मोठा जादूगार नाही, ट्रकभर सामान नाही, मोटरसायकल अन् मागं दोरीनं बांधलेली एक पेटी, बस. पोस्टरवर नावापुढं सम्राट कधी लिहिलं नाही, आमच्या गावात लिहिलं असतं तर लोकांनी दुसऱ्या दिवशी उधारी मागितली असती.

तुले मित्रांनी पकडलं ते तुझे हात हळू आहेत म्हणून नाही. तू जे शिकला ते कॅमेऱ्यासाठी बनवलेलं आहे. कॅमेरा म्हणजे एक डोळा, एका जागी बसलेला, चुकलं तर परत शूट करता येते. पारावर तुझ्या आजूबाजूला पंधरा जण, त्यातले चार मागून खांद्यावरून वाकून पाहून रायले, एक पायरीवर बसून खालून पाहून रायला. तिथं तो आयटम चालणारच नव्हता, जगातल्या कोणत्याही जादूगारानं केला असता तरी.

हे मले फुकटात नाही कळलं. माझा पहिला जाहीर खेळ आमच्याच बाजूच्या गावच्या मंडईत होता, भाऊबीजेनंतरची मंडई, रात्री दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य होतं अन् दंडारवाले यायचे होते म्हणून मले अर्धा तास मिळाला. सहा महिने आरशासमोर तयारी केलेली, काळा कोट शिवून घेतलेला. पहिलाच आयटम, लाल रुमाल मुठीत घातला अन् गायब केला, समोरची माणसं एकदम चूप, मले वाटलं जिंकलो. तेवढ्यात मागं तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसलेलं सात-आठ वर्षाचं पोट्टं ओरडलं, "अजी, तेथीच तं आहे, मले दिसून रायला!" झालं. सगळी मंडई हसली. माझा बाप पानठेल्यापाशी उभा होता, तो पण हसला. मी पुढचे तीन आयटम कसे केले मले आठवत नाही, फक्त कोटातून घामाच्या धारा निघत होत्या ते आठवते. तणसाच्या ढिगाचा विचारच मी केला नव्हता, कारण माझ्या आरशाच्या मागं भिंत होती.

तेव्हापासून मी कुठंही गेलो की आधी जागा पाहतो. बंडी कुठं उभी आहे, कोणाच्या ओट्यावरून दिसते, कडुनिंबावर पोट्टे चढतील का, सूर्य कोणत्या बाजूला आहे, लाईट गेली तर काय. मागं भिंत मिळत असेल तर भिंतीला पाठ लावतो. नसेल तर पेटीतले अर्धे आयटम पेटीतच ठेवतो अन् जे चारी बाजूनं पाहिलं तरी चालते तेवढंच करतो. तू पण शिकताना प्रत्येक आयटमच्या वहीवर आधी हे लिही, समोरून, बाजूनं, मागून, खालून. चारपैकी किती बाजूनं तो टिकते. घोकणं वगैरे नंतर.

आपल्याकडचे जुने मदारी पाहा, जे बाजारात वाट्या अन् गोळ्यांचा खेळ करायचे. ते जमिनीवर मांडी घालून बसायचे अन् लोक त्यांच्याभोवती गोल उभे. हे गरिबी होती म्हणून नाही. तू एकदा मांडी घालून बसून पाहा अन् भावाला चारी बाजूनं फिरायला सांग, तुलेच समजेल ते का बसायचे, मी इथं फोडत नाही. तोच खेळ बाहेरच्या देशात टेबलामागं उभं राहून करतात, त्याची रचनाच वेगळी. आपल्या चौकासाठी आपल्या मदाऱ्यानं रचना केली होती अन् आपण ती सोडून मोबाईलमधल्या पोराची नक्कल करतो ज्याच्यासमोर एक ट्रायपॉड आहे.

आता शिकायचं कसं. तीन आयटम घे. सात-आठ नाही, तीन. एक नाण्याचा, एक दोरीचा, एक वाट्यांचा. पत्ते सध्या बाजूला ठेव. पत्ते वाईट नाहीत पण गावात पत्ते हातात दिसले की म्हातारी माणसं जुगार समजतात, अन् पंधरा हात लांब बसलेल्याला चौकट आहे का बदाम हे दिसतच नाही. मे महिन्यात तर पत्ते घामानं बोटाला असे चिकटतात की विचारू नको.

नाण्याचं सांगतो कारण सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात ठेवल्यासारखं करायचं पण ठेवायचं नाही, एवढंच. सगळे काय करतात, खोटं ठेवणं घोकतात. हजार वेळा खोटं ठेवतात. मी म्हणतो पहिले आठ दिवस खरं ठेव. पाच रुपयाचं नाणं खरंच डाव्या हातात ठेव अन् स्वतःलाच पाहा. नजर कुठं गेली? नाण्यामागं गेली, डाव्या हातावर. डावी मूठ किती घट्ट झाली? थोडीशीच, नाण्यापुरती. उजव्या हाताचं काय झालं? तो सैल पडला, विसरला गेला, खाली लटकला. खांदा हलला का? नाही. आता हेच्या हे सगळं खोटं करताना व्हायला पाहिजे. नवीन पोट्टे काय करतात तर डावी मूठ अशी आवळतात जशी आत कोंबडी आहे, अन् उजवा हात लाकडासारखा ताठ, अन् डोळे चोरासारखे त्याच उजव्या हाताकडं. लोक हात पाहत नाहीत, तुझे डोळे पाहतात. तू जिथं पाहशील तिथं ते पाहतील. तू मनातून मानलं की नाणं डावीकडं आहे तर ते पण मानतात, हे ऐकायला बुवाबाजी वाटते पण करून पाहा.

आरशाचा अजून एक धोका आहे, माझ्या दोन वर्षांनी लक्षात आला. नेमकी लबाडी करायच्या वेळी आपण पापणी मिटतो. आपोआप. त्यामुळं आरशात आपली चूक आपल्यालाच दिसत नाही अन् वाटते काय सफाई आहे. म्हणून मोबाईल वापर, पण शिकायला कमी अन् स्वतःला पाहायला जास्त. फोन बाजूला ठेव, मागं ठेव, खाली जमिनीवर ठेव, रेकॉर्ड कर अन् आवाज बंद करून पाहा. पोटात गोळा येईल, येऊ दे.

अन् लबाडीची वेळ. ती कधीच लोकांचं लक्ष ताणलेलं असताना करायची नाही. लोक हसले, सैल झाले, कोणी पाणी प्यायला वळला, त्या क्षणात काम उरकायचं. हे व्हिडिओत शिकता येतच नाही कारण तिथं हसायला कोणी नसते. त्यासाठी माणसं लागतात. आधी आजी, मग घरचे, मग बांधीवर रोवणीला आलेल्या बायका जेवायला बसतात तेव्हा. त्या बायकांसारखं कडक पब्लिक मी नागपुरात पण पाहिलं नाही, त्या हाताकडं पाहतच नाहीत, सरळ तोंडाकडं पाहतात.

मग येते बोलणं. इथं सगळ्यात जास्त लोक मार खातात. लेडीज अँड जेंटलमेन, आबरा का डाबरा, गिली गिली. अरे बाप्पा, समोर कोण बसलंय? पुण्याचे जादूगार रघुवीर (1924–1984) देशोदेशी खेळ करून आले, पण मराठी माणसाला ते आपलेच वाटले, ते काय परक्याचा आव आणून नाही. मी वाट्यांच्या खेळात तीन गोळ्यांना तीन जावई म्हणतो. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या गोळ्या आहेत, बायकोनं शिवलेल्या. "हा मोठा जावई, बोलावला तरी येत नाही," म्हणून वाटी उचलतो, खाली काही नाही. "हा मधला, न बोलावताच हजर," दुसऱ्या वाटीखाली गोळी. "अन् हा लहाना, आला का जातच नाही," खिशात घातली तरी परत वाटीखाली तोच. शेवटी वाटी उचलली की खाली एवढा मोठा कांदा, "हे सासऱ्याच्या डोळ्यात पाणी काऊन आलं ते." या बोलण्यात माझी सगळी लबाडी लपते, कारण प्रत्येक जावयावर कोणत्या ना कोणत्या घरातलं कोणीतरी कोणालातरी कोपरानं ढोसते. हे मी कुठून उचललं नाही, सहा-सात वर्षात एकेक वाक्य चिकटत गेलं. माझे जावई तू घेऊ नको, तुझ्या गावात काय आहे ते पाहा, राशनचं दुकान आहे, ग्रामसभा आहे, एसटी आहे जी कधी येते कधी येत नाही. गायब होणं अन् प्रकट होणं यासाठी एसटीपेक्षा चांगली गोष्ट मले तरी सुचत नाही.

माणसाला पुढं बोलावशील तर त्याचं नाव विचार, त्याच्या हातात काम दे अन् जाताना त्याला टाळी मिळवून दे. त्याची फजिती करून हसवायचं नाही, गाव लहान असते, तो तुले उद्या सोसायटीत भेटणार आहे. बायकांच्या पदरातून, केसातून काही काढायचं नाही, शहरात चालत असेल. दारू पिऊन एक जण येतोच अन् म्हणतो मले माहीत आहे, मले माहीत आहे. त्याच्याशी भांडू नको, त्याला दोरीचं एक टोक धरायला दे अन् सांग की काका, सोडू नका, सगळं तुमच्यावर आहे. तो अर्धा तास दोरी धरून उभा राहते, इमानदारीनं. अन् "परत एकदा करा" म्हटलं तर करायचं नाही, कितीही गोड बोलले तरी. दुसऱ्यांदा ते काय होणार आहे हे माहीत असताना पाहतात, मग हात नाही, लबाडीच पाहतात.

शेवट कुठं सोडायचा हे पण शिकावं लागते. बंगालचे मोठे जादूगार पी. सी. सरकार यांचा 1956 चा किस्सा सगळे जादूगार सांगतात. लंडनला बीबीसीच्या थेट कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला फिरत्या करवतीनं मधून कापलं, मग तिला उठवायला गेले तर ती उठेना, अन् तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली म्हणून निवेदकानं येऊन कार्यक्रम बंद केला. लोकांना वाटलं पोरगी मेली, बीबीसीचे फोन जाम झाले. मुलगी ठणठणीत होती, अन् त्यांच्या लंडनच्या खेळाला तिकिटं मिळेनात. मले तरी वाटते त्यांना घड्याळ चांगलंच कळत होतं. आपण मात्र शेवटच्या आयटमनंतर धन्यवाद, आभार, सरपंच साहेब, पोलीस पाटील साहेब करत दहा मिनिटं घालवतो अन् कांद्याचा वास पण राहत नाही.

रोप ट्रिकचं विचारलं. दोर आकाशात जाते, पोरगा वर चढते, गायब होते, मग त्याचे तुकडे खाली पडतात अन् परत जिवंत. अशी ती गोष्ट. शिकागोच्या एका पेपरनं 1890 ला छापलं होतं की आम्ही पाहिलं, चार महिन्यांनी त्यांनीच कबूल केलं की आम्ही ते बनवून लिहिलं होतं, पण तोवर ते जगभर झालं. माफीनामा कोण वाचते. उघड्यावर दोर उभा करून त्याच्यावर पोरगा चढवणं, एवढं 1995 ला दिल्लीत कुतुबमिनारजवळ इशामुद्दीन खान यांनी करून दाखवलं अन् तेच केवढं मोठं काम आहे. बाकीचं लोकांच्या तोंडात वाढलं. माझ्या कांद्याचंच पाहा, एका गावात तीन वर्षांनी परत गेलो तर मले लोक सांगून रायले की तुम्ही वाटीखालून नारळ काढला होता. मी नाही म्हटलं नाही.

आता जे सांगतो ते तुले कोणत्याच व्हिडिओत सापडणार नाही, अन् आपल्या भागात त्याशिवाय पेटी उघडू नको. आपल्याकडं जादू या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शहरात जादू म्हणजे गंमत. इथं जादू म्हणजे करणी पण, भानामती पण. जादूटोण्याच्या संशयावरून माणसाला मारलं, अशा बातम्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडून येतात हे तुले माहीत आहे. एका गावात शाळेतला खेळ झाला, सामान बांधत होतो, एक बाई आली, सोबत चौदा-पंधरा वर्षाची पोरगी, पोरीला फिट यायच्या. ती बाई हात जोडून म्हणाली, "बाबू, तुमी रुमाल गायब केला, माह्या पोरीचं बी काढून द्या." पदराला गाठ मारून पैसे आणले होते तिनं. मी तिथंच खाली बसलो. तिच्यासमोर रुमाल परत गायब केला अन् मग कुठं लपवला ते उघडून दाखवलं, माझा नियम मोडून, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं मावशी, मी एवढाच आहे. मग शाळेच्या मॅडमना मधी घेतलं अन् दवाखान्याचं बोललो. ती गेली पण विश्वास बसला असं तिच्या तोंडावर नव्हतं. तिला वाटलं मी टाळून रायलो.

तेव्हापासून खेळाच्या सुरुवातीलाच मी सांगतो, हे सगळं हातचलाखी आहे, मले मंत्र येत नाही, येत असता तर धानावरचा तुडतुडा आधी गायब केला असता. लोक हसतात पण कानावर पडते. रहस्य कोणाला सांगायचं नाही हा आपल्या धंद्याचा नियम आहे अन् तो मी पाळतो, पण बाबा लोक जे करतात ते माझ्या मते जादूगाराचं रहस्य नाही. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लाल होते, ते तुझी आई पण सांगेल, अन् त्याच्यावर कोणी तुझ्या घरात रक्त निघालं म्हणून हजार रुपये घेत असेल तर ते मी शाळेत पोरांसमोर करून दाखवतो अन् फोडतो. नागपूरच्या श्याम मानवांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती, डॉ. दाभोलकरांची अंनिस, यांचे कार्यकर्ते गावोगाव हेच करत आले. 2013 पासून आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवलं, पैसे काढले तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. फ्रान्सचा जादूगार रोबेर हुदँ, ज्याच्या नावावरून पुढं अमेरिकेतल्या जादूगार हुडिनीनं आपलं नाव घेतलं, त्याला 1856 ला तिथल्या सरकारनं अल्जेरियाला पाठवलं होतं, तिथल्या चमत्कारवाल्या बाबांचा लोकांवरचा दरारा कमी करायला. एक पेटी होती त्याची, लहान पोरगं उचलायचं अन् मग पैलवानाला पण उचलेना. खाली लोहचुंबक, विजेवर चालणारं. सरकारचा डाव राज्य करायचा होता, ते सोड, पण जादूगाराची अन् बाबाची गाठ किती जुनी आहे ते पाहा. तुले पण कोणीतरी म्हणेल की गंडा दे, पाहून सांग, हरवलेली म्हैस कुठं आहे सांग. एकदा सांगितलं की तू जादूगार राहिला नाहीस.

सामानाचं लवकर उरकतो. महागडे डबे घेऊ नको, चमकणारा डबा पाहिला की लोक डब्यालाच क्रेडिट देतात. घरची वाटी, घरचा गडवा, कोणाचा तरी खांद्यावरचा दुपट्टा मागून घे, सुतळी दुकानातून सगळ्यांसमोर घे. त्या सेटमध्ये अंगठ्याच्या मापाची एक गोष्ट आली असेल, नाव नाही घेत, ज्याला कळायचं त्याला कळलं. ती गोऱ्या गुलाबी रंगाची असते अन् आपले हात उन्हातले, लांबूनच ओळखू येते, रंग लावून आपल्या कातडीचा कर नाहीतर फेकून दे. विस्तव, तोंडातून जाळ, रसायनं, यातलं काही एकट्यानं करू नको, मांडव कापडाचा असते. साप तर नाहीच, 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसतो तो, अन् दुसरे प्राणी खेळात दाखवायचे तरी रजिस्ट्रेशन लागते. मी एकदा ससा घेतला होता, पेटीत घालून मे महिन्याच्या उन्हात चाळीस किलोमीटर नेला. पोचलो तेव्हा तो मेलेला होता. त्या दिवशी खेळ केला नाही अन् नंतर ससा घेतला नाही.

क्लास आपल्या जवळ नाही. कोणी जुना जादूगार सापडला तर त्याच्या पेट्या उचल, गाडी लाव, सतरंजी अंथर, दोन वर्षांनी तो एक गोष्ट सांगेल अन् ती दोन वर्षांच्या मोलाची असेल. पोटाचं म्हणशील तर शाळेत पोरामागं दहा-वीस रुपये जमतात, त्यातून पेट्रोल जाते, जून ते सप्टेंबर रोवणी-निंदणीत कोण बोलावते, लोकांचे पैसे राहतात. माझं घर धानावर चालते, जादूवर पेटी चालते. बारावी सोडायची भाषा करू नको, परीक्षा दे.

यंदा दिवाळीनंतर आमच्याकडच्या मंडईत माझा खेळ आहे, दंडारीच्या आधी, तीच जागा, तणसाचा ढीग पण तिथंच असते. तुले यायचं असेल तर ये, पण पुढं सतरंजीवर नको बसू. मागं त्या ढिगावर बस, अन् काय काय दिसलं ते खेळ संपल्यावर मले एकट्याला येऊन सांग.